लव्हलॉर्न आन् दुसरबीडची बस

मोताळ्याच्या बजारात माह्यासारखा भाजी इकणारा दुसरा नाही. लोकं माह्या तोंडाची मजा पाहाले थांबतात आन् वांगे बाजूले बसलेल्या बायकोपासून घेतात.

तिचा भाऊ आपल्या पोराच्या बारशाले तिले दुसरबीडले घेऊन गेला. आमच्याकडं माहेरी गेलेली बाई आपल्या मनानं येत नाही, घरधनी घ्याले जाते. बारसं झालं तसा साळ्याचा फोन आला, भाऊजी कधी येता म्हणून. मी म्हटलं, राहू द्या तिकडंच, कान शांत हायेत. तो हासला नाही. मीच हासलो. मनात म्हटलं, बस तिले माहीत हाये, येईन आपली.

आली नाही. तिले फोन करावा तं वाजू वाजू बंद होये. बजारात बाया इचारत, घरच्या बाई कुठी गेल्या? मी काहीतरी चेष्टा करो आन् वांगे तोलाले लागो.

घरी पोरगी कॉलेजचं इंग्रजी घोकून राह्यली होती. एकच शब्द, लव्हलॉर्न. म्या शाळेचं तोंड पाह्यलं नाही, म्हून इचारलं. प्रेमाविना राह्यलेला, म्हणे. लव्ह मले टीव्हीनं शिकवलं होतं. लॉर्न म्हणजे?

"हरवलेला, बाबा. जुन्या इंग्रजीत गमावण्याले एक शब्द होता, त्यातलं हे उरलं. आता एकटं लॉर्न कोणी म्हणत नाही."

मले वाटलं होतं, ज्याले प्रेम भेटलंच नाही तो. तं नाही, होतं आन् गेलं. आन् तो शब्द पाहा, जोडीदाराबिगर त्याले कोणी तोंडातही घेत नाही.

सकाळीच निंगालो. बुलढाण्याले बस बदलताना वाटलं, वापस जावं. चारचौघांत ती नाही म्हणाली तं?

दारात सासूनं पाणीबी इचारलं नाही. बायको ओट्यावर धने पाखडत होती. बाजूले तिची पिशवी भरून ठेवली होती, पण भेवानं मले त्याचा अर्थ लागला नाही. तोंडाले येईन ते बोललो, इंग्रजी शब्द, त्यातला लॉर्न, सगळं. घरदार आयकत होतं.

तिनं सूप खाली ठेवलं.

"हरवाले मी काय छत्री हाये? बस तं रोज येते. उचला ती पिशवी, आन् घर येईपर्यंत तोंड बंद ठेवा."