माझा रत्नागिरीवाला कुठाय?

"ग्राफ मॅच झाला!" मी ऑफिसात ओरडलेच.

उद्या प्रदर्शन उघडणार होतं आणि माझं काम चक्क वेळेत संपलं होतं. ब्रिटनमधल्या कार्डिफ बंदरातल्या एका आर्काइव्हमध्ये, म्हणजे जुन्या दस्तऐवजांच्या संग्रहात, मी डेटाच्या कॉन्ट्रॅक्टवर होते. शंभरेक वर्षांपूर्वी इथल्या एका डॉक्टरने गोदीतल्या खलाशांची डोकी मोजली होती. नाव, गाव, डोक्याचं माप, असं जाडजूड रजिस्टर. मोठं डोकं म्हणजे जास्त अक्कल, आणि ती फक्त गोऱ्यांकडे, हे त्याला सिद्ध करायचं होतं. असं असतं तर टोपीवाल्याला अख्ख्या गावाची अक्कल ठाऊक असती! पण पुढे इथल्या फॅसिस्टांनी त्याचा आलेख आपल्या पत्रकात छापला. शास्त्रानेच सांगितलंय, तेव्हा या लोकांना हाकला, असा एकूण सूर. तिकडे जर्मनीत तर असल्याच 'शास्त्रा'च्या नावाने कुणी कुणाशी लग्न करायचं याचे कायदे झाले.

प्रदर्शनात दोन आलेख शेजारी लागणार होते. डावीकडे पत्रकातला, उजवीकडे मूळ रजिस्टरवरून मी काढलेला. ते दोन्ही हुबेहूब जुळले म्हणून मी खूश.

शैलाताई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्या इथल्या आर्काइव्हिस्ट, मूळच्या साताऱ्याच्या. निवृत्तीआधीचं हे त्यांचं शेवटचं प्रदर्शन. स्क्रीन बघून त्यांचा चेहरा पडला.

"अगं, हे जुळायला नको होतं."

"का? आकडे त्याचेच आहेत ना?"

"माझा रत्नागिरीवाला कुठाय?"

"कोण?"

"इब्राहिम. रत्नागिरीचा खलाशी. अख्ख्या रजिस्टरात सगळ्यात मोठं डोकं त्याचं. उजव्या टोकाला त्याचा ठिपका हवा."

तिथे ठिपका नव्हता.

मॅनेजर सायमनला सांगितलं. त्याने घड्याळ बघितलं. "पॅनेल दुपारी तीन वाजता प्रिंटिंगला जाणार. तोवर जमलं तर ठीक, नाहीतर उजवी बाजू रिकामी ठेवू."

"म्हणजे भिंतीवर एकटे फॅसिस्ट?" ताई म्हणाल्या. "आणि उद्या शाळेची मुलं येणार ती हेच बघून जाणार?"

"मी कुठे तसं म्हणतोय, शैला?"

"पण होईल तसंच."

ताईंनी मला रीडिंग रूममध्ये नेलं आणि रजिस्टर उघडलं. पानापानावर काही ओळी खोडलेल्या. मला त्या माहीत होत्या. माझ्या स्क्रिप्टने, म्हणजे मी लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमने, त्याच काढून टाकल्या होत्या. आमच्या धंद्यात याला डेटा क्लीनिंग म्हणतात, साधं तांदूळ निवडण्यासारखं काम. खोडलेली ओळ म्हणजे रद्द, हे मी धरूनच चालले होते.

"नीट बघ," ताई म्हणाल्या. "नोंदी शाईच्या आहेत. खोडलंय पेन्सिलीने, आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकाच पेन्सिलीने. डॉक्टरने मापं घेतली नीट. मग एक दिवस बसला आणि न आवडलेली खोडून टाकली."

मोठ्या डोक्याचे सोमाली, येमेनी, आपले कोकणातले. लहान डोक्याचे इंग्रज. सगळे गायब. मी खडे समजून तांदूळच फेकले होते. लाज वाटली, खूप वाटली.

पेन्सिलीखालचे आकडे स्कॅनमध्ये धड उमटले नव्हते. म्हणून ताई भिंग लावून वाचायच्या आणि मी टाइप करायचे. त्या प्रत्येकाचं नाव आणि गावही वाचत होत्या. दोन वाजले तसा माझा धीर सुटला.

"ताई, नावं कशाला? आकडा पुरे!"

"आकडा पुरे म्हटलं म्हणूनच तर हे सगळं झालं ना गं?"

मी टाइप करत राहिले. या बाईंनी हे रजिस्टर किती वेळा वाचलं असेल! आम्हाला त्यात ओळी दिसत होत्या, त्यांना माणसं. म्हणून त्यातला एक हरवलेला त्यांना क्षणात कळला.

तीनला दहा कमी असताना नवा ग्राफ आला. सगळे ठिपके एकमेकांत मिसळलेले, कोण कुठला ते ओळखूच येईना. उजव्या टोकाला एकटा इब्राहिम. सायमन तो बघून म्हणाला, "शैला, तू रिटायर होऊ नकोस." ताई म्हणाल्या, "चहा कर आधी."

डॉक्टरने ओळी मुद्दाम काढल्या, मी सवयीने. ग्राफ मात्र दोघांचा एकच आला. आता कुठल्याही प्रोजेक्टवर माझी स्क्रिप्ट काढलेल्या ओळींची वेगळी फाइल बनवते, आणि ती वाचल्याशिवाय मी काम संपलं म्हणत नाही. फाइलचं नाव रत्नागिरी.