आबांची पिझ्झ्याची पंगत

आमचे सासरे आबा कुठलाही पदार्थ तोंडात घालण्याआधी बोटाच्या पेरानं वाजवून बघत. भाकरी, पापड, टोस्ट, एवढंच काय, माझ्या माहेरून आलेले अनारसेसुद्धा. टक् आवाज आला तर मान डोलवायची. नाही आला तर पदार्थ हळूच ताटाच्या कडेला सरकवायचा आणि माझ्याकडे बघायचं. बोलायचं काही नाही, नुसतं बघायचं. लग्न होऊन सासरी आले त्या आठवड्यात त्यांनी माझी पहिली भाकरी अशी वाजवली होती, आणि तीही चार पाहुण्यांदेखत. मी तेव्हाच ओळखलं की हा माणूस काही आपल्याला सुखानं जगू देणार नाही.

आबा मूळचे इस्लापूरकडचे. नोकरी सगळी पाटबंधारे खात्यात, त्यातली शेवटची बरीच वर्षं विष्णुपुरीच्या धरणावर. निवृत्त होऊन नांदेडला आमच्याजवळ राहायला आले, तेव्हा मला वाटलं, चला, म्हातारा माणूस पेपर वाचेल, विहारात जाईल, संध्याकाळी कट्ट्यावर बसेल. कसलं काय! आयुष्यभर धरणाचे दरवाजे सांभाळलेल्या माणसाला रिकामं बसवत नाही. सासूबाई आधीच गेलेल्या, त्यामुळे अडवणारं कुणी नाही. हे, म्हणजे माझे यजमान, रोज सकाळी भोकरला पंचायत समितीत जायचे ते दिवेलागणीला परत. घरात उरायचे आबा, आणि शाळेतून दमून आलेली मी.

पिझ्झ्याचं खूळ लातूरहून आलं. माझी मुलगी यशोधरा तिथं एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला. आबा तिच्याकडं चार दिवस राहायला गेले तेव्हा कौतुकानं ती त्यांना पिझ्झा खायला घेऊन गेली. आबांनी तो भर दुकानात वाजवून बघितला. "यशू, हे वाजंना की गं," ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले की काउंटरवरच्या पोरीनं वळून बघितलं. "भिजलेली भाकर हाय ही. वरून खरवस वतलाय." यशू लाजेनं अर्धी झाली. तिनं समजावलं, आबा, हा असाच असतो. "असाच असतो म्हंजे? चुलीवरून उतरवलेली वस्तू असली मऊ असती का कुठं?"

तिथं विषय संपायला हवा होता. पण नांदेडला परत आल्यावर कुणीतरी त्यांना मोबाइलवर जाड पोलादी पत्रा ओव्हनमध्ये तापवून त्यावर पिझ्झा भाजायचा व्हिडिओ दाखवला. झालं! दुसऱ्या दिवशी मी बाजारातून येते तर दारात रिक्षा उभी, आणि रिक्षावाला आणि आबा मिळून एक चौकोनी लोखंडी पत्रा उतरवतायत, चांगला बोटभर जाडीचा. फॅब्रिकेशनवाल्याकडून कापून आणलेला. रिक्षावाल्यानं घाम पुसत मला विचारलं, "मॅडम, हे गेटला बसवायचंय का?" मी म्हटलं, "नाही हो, माझ्या डोक्यात घालायचंय."

यशू लहान असताना केक करायला म्हणून मी एक छोटा ओव्हन घेतला होता. आबांनी त्यात तो पत्रा ठेवला आणि आतली जाळी बिचारी कण्हत खाली वाकली. मग त्यांनी खालून आधाराला लोखंडी अँगल लावला. त्या दिवसापासून माझा केकचा डबा त्या ओव्हनमध्ये कधी गेला नाही. आबा जाऊन आता वर्ष होत आलं, पण तो पत्रा अजून तसाच आत आहे. मला एकटीला तो उचलत नाही, आणि यांना सांगितलं की हे ऐकलं न ऐकल्यासारखं करतात.

त्यातून महिना कुठला, तर मे. नांदेडचा मे! बाहेर गल्लीतलं कुत्रंसुद्धा नालीत जाऊन बसलेलं, आणि आमचे आबा तासभर ओव्हन लावून पत्रा तापवतायत. ओव्हन आणि कूलर एकदम लावले की आमच्या घराचं बटण खाली पडतं. म्हणून कूलर बंद. घामानं निथळत मी म्हणायची, "आबा, झाला असेल आता." आबा बनियनवर, खांद्याला पंचा, ओव्हनच्या काचेला नाक लावून. "पोलाद तापून राहिलंय, वंदना. धरण भरायला टाइम लागतो का न्हाई? धीर धर." मग पहिला पिझ्झा पोळपाटावरून सरकवताना अर्धा पत्र्यावर आणि अर्धा ओव्हनच्या मागच्या भिंतीवर. चिकटू नये म्हणून खाली ज्वारीचं पीठ भुरभुरायचे, ते जळून घरभर धूर. शेजारच्या भाभी भिंतीवरून ओरडायच्या, "बाबा, कुछ जल रहा क्या?" आबा तितक्याच मोठ्यानं, "हाव! शिकून राहिलो!"

पण एक कबूल करते. शिकले. कणीक आदल्या दिवशी भिजवून फ्रिजमध्ये ठेवायची, लाटणं लावायचं नाही, भाकरीसारखी हातानं थापायची, टोमॅटोचा रस आटवून घट्ट करायचा. एका दुपारी ओव्हनमधून निघालेल्या पिझ्झ्याचं बूड आबांनी उलटून मला दाखवलं. खरपूस, तांबूस, आणि त्यांनी वाजवल्यावर खणखणीत टक्! माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी हात पुढे केला तर आबांनी तो पिझ्झा उचलला, दुरडीत ठेवला आणि वर फडकं झाकलं.

"अहो आबा, हे काय?"

"सगळ्यांचे होऊ दे. मिलिंद हापिसातून येऊ दे. पंगत एकदम बसंल."

मी कपाळावर हात मारून घेतला. महिनाभर जीव काढून कुरकुरीत केलेला पिझ्झा हा माणूस भाकरीसारखा दुरडीत झाकून ठेवणार, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा! हे येईपर्यंत सगळ्यात खालच्याची पार गोधडी झाली होती. आबांनी वाजवला, नाही वाजला, आणि माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे! जशी काही ती वाफ मीच धरून ठेवली होती.

"आबा, एक झाला की कापा, सगळ्यांना एकेक तुकडा द्या, गरम गरम खातील. तोवर दुसरा होईल. सोपं आहे," मी म्हटलं.

"तुकडा न्हाई," आबा म्हणाले.

का नाही, हे त्यांनी एकदाच सांगितलं, तेही भांडी विसळता विसळता. गावात कुणाच्या घरी लगीन असलं की आबांची आळी मांडवापासून लांब, बाभळीखाली बसायची. सगळ्या पंगती उठल्या की उरलंसुरलं टोपल्यातून यायचं. पुरीचा तुकडा, बुंदीचा चुरा, सगळं गार. "माय म्हणायची, खा बाबा, तुकडा तर तुकडा. तवाच ठरवलं. आपलं घर होईल तवा कुणाला तुकडा वाढणार न्हाई. प्रत्येकाला पुरं. आन कुणी आधी न्हाई, कुणी मागून न्हाई." त्यांनी पातेलं पालथं घातलं आणि बाहेर गेले.

ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे खरं. पण अहो, ओव्हन एक, पत्रा एक, आणि प्रत्येकाला अख्खा पिझ्झा, तोही एकाच वेळी, तोही कुरकुरीत! हे कसं व्हायचं? मी दोन दिवस थांबून पुन्हा हे विचारलंच. आबा शांतपणे म्हणाले, "माणूस थांबला की पिझ्झा थांबंल." पालथ्या घड्यावर पाणी.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण त्याच महिन्यात यशूनं सांगितलं की तिला लॅबमधल्या ओंकारशी लग्न करायचंय. मुलगा चांगला, शांत. लातूरजवळच्या गावात घरची शेती, मोठं घराणं. ते मराठा, आम्ही बौद्ध. यशू म्हणाली, "ओंकारचे बाबा नाही म्हणत नाहीत. बघू म्हणतात." या 'बघू'ची आम्हाला काय ती माहिती आहे! आधी ओंकारचे चुलते आले. तासभर बसले, गोड बोलले, आणि चहाचा कप पुढं केला तर म्हणाले, "राहू द्या ताई, आज चतुर्थी हाय." चतुर्थी होऊन आठवडा लोटला होता. पोरगी आत जाऊन रडली. त्यामुळे ओंकारचे आई-वडील रविवारी येणार म्हणाले तेव्हा आमच्या घरात एकच प्रश्न होता. ही माणसं आपल्या घरी जेवतील का? जेवली तर लग्न होणार, नाही तर पुन्हा कुठली तरी चतुर्थी निघणार.

मी म्हटलं, साधं श्रीखंड-पुरी करते, वरण-भात करते. आबा म्हणाले, "पिझ्झा."

मी हात जोडले. "आबा, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. आज तरी नको."

"म्हणून तर म्हणून राहिलो. वरण केलं की ते बघणार, ह्यांचं वरण कसं, आपलं कसं. पिझ्झा त्यांच्याही आजीनं केला न्हाई आन आपल्याही. त्यात काय बघतील?" मी यांच्याकडे बघितलं. हे पेपरात तोंड घालून बसले. नवऱ्याचा असा उपयोग.

रविवारी दुपारी मंडळी आली. ओंकार, त्याचे वडील माणिकराव, उंच, काळेसावळे, फार न बोलणारे, आणि आई कुशावर्ताबाई, डोक्यावरचा पदर दातात धरून घरभर नजर फिरवणाऱ्या. बैठकीत सतरंजी अंथरून सगळ्यांची पानं मांडली. पुढ्यात ताट, पाण्याचा पेला, आणि ताटात काही नाही. आत आबांचा कारखाना सुरू. पाहुण्यांसाठी मी कूलर लावला, तर फट्कन बटण पडलं, ओव्हनही गेला. आबा आतून ओरडले, "कूलर कुणी लावला? पत्रा गार हून राहिला!" कूलर बंद केला. पाहुणे घामानं डबडबले. पहिला पिझ्झा निघाला, दुरडीत गेला. मग पत्रा पुन्हा तापायची वाट. दुसरा निघाला, दुरडीत गेला. बैठकीत पावसापाण्याच्या, सोयाबीनच्या गोष्टी करून झाल्या, रस्त्याच्या कामाला शिव्याही देऊन झाल्या. कुशावर्ताबाईंनी नवऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. यशूचं तोंड कागदासारखं पांढरं पडलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून दातओठ खात होते. पाहुणे अन्नावाचून उठायची वेळ आली आणि हा माणूस तिसऱ्याच्या बुडाला टकटक करतोय!

तेवढ्यात माणिकराव उठले. झालं, मी मनात म्हटलं. आता हे म्हणणार, उशीर झाला, निघतो.

ते सरळ आत आले. आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे राहिले. चौथा ओव्हनमध्ये सरकवलेला, आबांच्या हातात तिसरा पिझ्झा, ते दुरडीकडं वळलेले.

"आबा, किती वेळ बसवून ठेवताव?"

"बसा, माणिकराव. चार राहिलेत. सगळ्यांना एकदम वाढतो."

"न्हाई धीर निघत. वास लई सुटलाय." त्यांनी हात पुढं केला, तळवा वर करून. "ह्यातला एक तुकडा द्या."

दुनियेतले सगळे शब्द सोडून माणसानं नेमका हा शब्द काढावा! आबा म्हणाले, "तुकडा न्हाई देत मी कुणाला. पुरा देतो. बसा."

"पुरा मला दिला तर तुम्ही काय खाताव? निम्मा तुम्हाला, निम्मा मला. सकाळपासून उपाशी हाय ओ, तुमच्याकडं जेवायचं म्हणून."

हात तसाच पुढं. आबा त्या हाताकडं बघत राहिले. ओव्हनमध्ये पुढचा पिझ्झा करपायला लागला होता. आमच्या घरात पिझ्झ्याला सुरी कधी लागलीच नव्हती, आबांनी कापूच दिला नव्हता. शेवटी आबांनी तो हातानंच तोडला. बोटं भाजली, हाय-हुई झालं, चीजच्या तारा लोंबल्या, आणि मोठा अर्धा भाग त्यांनी माणिकरावांच्या हातावर ठेवला. उंबऱ्यावर उभ्या उभ्या माणिकरावांनी घास घेतला. कर्र असा आवाज बैठकीपर्यंत गेला.

"आयला!" माणिकराव म्हणाले आणि वळून हाक मारली, "अगं ए, ऊठ तिथनं. बसून काय मिळत न्हाई ह्यांच्याकडं. हिकडं ये!"

कुशावर्ताबाई आल्या. आबांनी आपल्या अर्ध्यातला तुकडा तोडून त्यांना दिला. मग ओंकार, मग हे, मग यशू, सगळे त्या भट्टीसारख्या तापलेल्या स्वयंपाकघरात दाटीवाटीनं उभे, जो निघेल तो तोडून खाणारे. करपलेलासुद्धा खाल्ला. कुशावर्ताबाईंनी पदरानं तोंड पुसत यशूला विचारलं, "तुला येतं का गं हे करायला?"

यशू म्हणाली, "नाही."

"मग आमच्याकडं आल्यावर काय खाऊ घालशील?"

यशूनं माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

मंडळी गेल्यावर मी स्वयंपाकघरात आले. ओट्यावर पीठ, फरशीवर टोमॅटोचा रस, ओव्हनचं दार काळंकुट्ट, आणि दुरडीत आधीचे दोन पिझ्झे मऊ गोळा होऊन पडलेले. आबा उलथन्यानं पत्रा खरवडत होते. माझा महिनाभराचा राग एकदम वर आला. म्हटलं, "आबा, घसा कोरडा करून मी काय सांगत होते? तुकडे करा, गरम गरम द्या. तेव्हा नाही म्हणजे नाही! आणि त्यांनी एकदा म्हटल्याबरोबर दिला?"

आबांनी उलथनं खाली ठेवलं. भाजलेली बोटं पंच्यात गुंडाळली.

"तू द्या म्हणत होतीस, वंदना," ते म्हणाले. "त्यांनी हात पुढं करून मागितला."