तपासणीच्या दिवशीची लेक

आमच्या नर्सिंग होममध्ये तपासणीचे साहेब यायचे त्या दिवशी पेशंटांना नातेवाइकांचा तोटा नसायचा. ते नातेवाईक म्हणजे आम्ही.

मी बारावी करून तिथं लागले. नर्सिंगचा कोर्स केलेला नव्हता. घरी आई विड्या वळायची, कोर्स कुठला परवडणार? पण पांढरा ॲप्रन अंगावर चढला की सोलापुरात कुणी प्रमाणपत्र विचारत नाही, सगळे सिस्टर म्हणतात. आई तर तेलुगूत 'नर्सम्मा' म्हणायची आणि गल्लीभर मिरवायची. सलाईन लावणं, बीपी बघणं, जखम धुणं हे सगळं मी हाताखाली राहून शिकले. कोर्स केलेली सिस्टर आमच्याकडे एकच, तीही सकाळपुरती. भिंतीवर मात्र काचेच्या फ्रेममध्ये पाच जणींची प्रमाणपत्रं होती. त्यातल्या चौघींना मी जन्मात पाहिलं नाही. मालकीचंही असंच. पाटीवर नाव डॉक्टरांचं, नोंदणी त्यांच्या बाईंच्या नावावर, आणि आमच्यावर ओरडायला डॉक्टरांचे मेहुणे. त्यामुळे जाब विचारायचा तर कुणाला, हे आम्हाला कधी कळलंच नाही.

तपासणी होणार हे आदल्या दिवशीच कळायचं. कसं कळायचं, ते विचारायचं नसतं. मग नुसती धावपळ. फिनेलचा वास, कपाटातल्या नव्या चादरी, ऑक्सिजनच्या सिलिंडरवरची धूळ. पाहुणे येणार म्हणून शेजारणीकडून कपबशा मागून आणाव्यात, तशा दुसऱ्या दवाखान्यातून खऱ्या सिस्टर दिवसापुरत्या मागून आणायच्या. आणि आम्ही बिनकोर्सवाल्या मुलींनी ॲप्रन काढायचा, घरची ओढणी घ्यायची, हातात डब्याची पिशवी धरून एकेका खाटेशेजारी बसायचं. नाती वाटून द्यायचं काम मेहुण्यांचं. "तू ह्यांची सून. तू त्यांची भाची." आम्ही तोंडाला ओढणी लावून हसायचो. खरं सांगायचं तर मला तो दिवस आवडायचा. एरवी ड्यूटीवर बूड टेकायला मिळत नसे.

त्या वर्षी माझ्या वाट्याला केम गावच्या आजी आल्या. "तू ह्यांची लेक," मेहुणे म्हणाले.

अंगणात पडून आजींच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन नीट झालं, पण मग छातीत कफ भरला आणि त्या खाटेवरून उठल्याच नाहीत. एक पुतण्या अधूनमधून यायचा, औषधं आणून द्यायचा, उभ्या उभ्या निघून जायचा. पोटची एकुलती एक लेक जेऊरला दिलेली. तिची सासू लकवा होऊन पडलेली, घरात दुसरं बाईमाणूस नाही. "येती म्हनलीया," आजी रोज सांगायच्या. तोंड सदा दाराकडे. कूस बदलून भिंतीकडे वळवलं की चिडायच्या. "तिकडं नगं. तितनं दार दिसत न्हाय."

मी जवळून गेले की हाक ठरलेली. "पोरी, बस की जरा."

"आले हं आजी," म्हणून मी जायची, ती जायचीच. दुपारच्या पाळीला आम्ही दोघीच मुली आणि भरलेला वॉर्ड. त्या 'बस की'चा मला राग यायचा. बसायला वेळ असता तर आणखी काय हवं होतं?

तपासणीच्या दिवशी साहेब अकराच्या सुमाराला आले. बरोबर एक कारकून. भिंतीवरची प्रमाणपत्रं बघितली, कुठल्या पाळीला किती सिस्टर असतात ते विचारलं. डॉक्टर सगळ्याची उत्तरं हसून देत होते. मग मंडळी खाटांच्या रांगेतून हळूहळू आमच्यापर्यंत आली. मी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. तेवढ्यात माझी नजर वर गेली. आजींची सलाईनची बाटली संपत आली होती. मागून आणलेली सिस्टर साहेबांच्या पाठीशी अदबीनं उभी, तिचं लक्ष कुठलं असायला? माझा हात सवयीनं वर गेला आणि मी नळीवरची चकती फिरवून ती बंद करायला लागले.

गावाकडून आईला भेटायला आलेली लेक असं करत नाही. साहेबांनी मान वळवून माझ्या हाताकडे पाहिलं. डॉक्टरांचा चेहरा उतरला. नोंदणी जाणार आणि सगळ्यांच्या आधी माझी नोकरी जाणार, हे मला तिथंच दिसलं.

आजींनी माझं मनगट धरलं आणि खाली ओढलं. "ऱ्हाऊ दे गं. बगतील त्या बाया. तू बस की. किती दिसांनी आलीयास."

"कोण या तुमच्या?" साहेबांनी विचारलं.

"लेक हाय की माजी. जेऊरला दिलीया. सासू पडून असती तिची, निगायला व्हत न्हाय. तरी आली बगा."

मेहुण्यांनी त्यांना फक्त गप्प पडून राहायला सांगितलं होतं. हे बाकीचं कुणी पढवलेलं नव्हतं. "घ्या काळजी आईची," साहेब म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले. मागून आणलेल्या सिस्टरला तेव्हा कुठं जाग आली आणि तिनं बाटली बदलली. आमच्याकडे स्टाफ पुरेसा असल्याचा शेरा मिळाला, हे नंतर कळलं.

साहेब वॉर्डभर फिरले, त्यांचा चहा झाला, तोवर आजींनी माझा हात सोडला नाही.

"म्हस व्याली का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"व्याली," म्हटलं.

"काय झालं?"

"रेडी."

"ब्येस झालं," म्हणाल्या आणि डोळे मिटून पडून राहिल्या. म्हातारीला भ्रम झाला, असं मला वाटलं.

बाहेर गाडी सुरू झाली. मी उठले, पिशवी खाली ठेवली, ॲप्रन चढवला.

"गेला का सायेब?"

"गेले आजी."

"मंजी आता तू सिस्टर." त्या माझ्याकडे नीट बघत होत्या. भ्रम-बिम काही नव्हता. "त्येला म्हनावं, रोज येत जा."

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मग राग आला. मेहुण्यांचा आला, साहेबांचा आला, भिंतीवरच्या त्या चौघींचा तर फारच आला.

त्यानंतर दुपारच्या चहाच्या वेळेत मी ॲप्रन खुंटीला अडकवायची आणि ओढणी घेऊन आजींच्या स्टुलावर बसायची. मेहुणे एकदा खेकसले, "तपासणी झाली की. आता काय हे?" मी म्हटलं, "भेटायची वेळ आहे ना? पेशंटला भेटायला आलेय." माझ्यावाचून त्यांचं दुपारचं काम अडलं असतं, म्हणून गप्प बसले. आजी मला म्हशीचं विचारायच्या, सासूचं विचारायच्या. मी सुचेल ते सांगायची. मी खोटं सांगतेय हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं. तरी ती चहाची वेळ आम्हा दोघींची बरी जायची.

आजी गेल्या तेव्हा मी स्टुलावरच होते. त्यांचा हात माझ्या हातात होता आणि तोंड दाराकडे होतं. माणूस जवळ होतं, पण ज्याची वाट त्या बघत होत्या ते माणूस मी नव्हते. हे मला तेव्हाही टोचलं आणि अजून टोचतं.

लेक आली ती संध्याकाळी. उन्हानं रापलेली, माझ्याहून थोडीच मोठी. ती गाडीत असतानाच पुतण्यानं फोन करून कळवलं होतं, त्यामुळे तिचं रडणं वाटेतच होऊन गेलं असावं. हातात स्टीलचा डबा होता. तो कुठं ठेवावा हे तिला सुचत नव्हतं.

"खरवस हाय," ती म्हणाली. "म्हस व्याली. आयला लई आवडायचा."

मी डबा घेतला आणि टेबलावर ठेवला.

"शेवटाला जवळ कोन व्हतं?"

"मी होते."

"तुमी कोन?"

रोज शंभर वेळा 'सिस्टर' ऐकणारी मी, आणि माझ्या तोंडून ते येईना. सिस्टर म्हणावं, तर तपासणीच्या कागदात मी कुठंच नव्हते. दुसरं काही म्हणावं, तर खरी लेक समोर उभी.

"मी दुपारची त्यांच्याजवळ बसायची," म्हटलं.

मग पुढं होऊन तिनं माझं मनगट धरलं. तिच्या आईनं धरलं होतं तसंच, खाली ओढून.

"मग बसा की जरा," ती म्हणाली. "माज्याजवळ बी."

आतून मेहुण्यांची हाक आली. मी ॲप्रन काढला आणि बसले.