सुनंदाताई ढोके आणि उलटे धरलेले चिन्ह

प्रा. सुनंदाताई ढोके यांची आणि माझी ओळख भांडणाने झाली. आमच्या संशोधन संस्थेत त्या शिष्यवृत्तीवर रुजू झाल्या त्या दिवशी त्यांचे गाव ऐकून मी विचारले, "पांढुर्णा म्हणजे मध्य प्रदेश. तुम्ही हिंदीभाषक का?" त्या फाडकन म्हणाल्या, "मंग मी आता कोणती भाषा बोलून राहिली?"

आमचा विषय एकच होता. ध्रुवाजवळच्या आकाशात रंगीत प्रकाश उमटतो, तेव्हा वरच्या वातावरणातले ऑक्सिजनचे जड आयन तापतात आणि पृथ्वीच्या ओढीला न जुमानता वर निघतात. त्यांचा वेग उत्तरेकडच्या एका रडारने मोजलेला असे. त्या आकड्यांत उणे चिन्ह म्हणजे रडारकडे, खाली येणारा प्रवाह. आमच्या विभागप्रमुखांनी ते उलटे धरले होते. खाली येणारे आयन त्यांच्या शोधनिबंधात वर चालले होते, आणि त्या निबंधाबद्दल त्यांचा सत्कारही झाला होता.

ताईंनी सगळी मोजमापे पुन्हा तपासली, खरा ऊर्ध्वप्रवाह कुठे होता तेही शोधले आणि भर बैठकीत सांगितले, "सर, चिन्ह चुकलं आहे." सरांनी माझ्याकडे पाहिले. ताईंचे गणित मी स्वतः पडताळले होते. तरी मी म्हणालो, "बघावं लागेल."

ताईंची शिष्यवृत्ती बंद झाली. त्या आपल्या भागात परतून सौंसरला महाविद्यालयात शिकवू लागल्या. पुढे त्यांचीच दुरुस्ती सरांच्या नावाने छापून आली. ताईंचा उल्लेख आभारातही नव्हता. याला चोरी म्हणतात. ताईंच्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला 'कटू प्रसंग टाळावेत' असे कळवले आहे. का टाळावेत? त्या बैठकीत गप्प बसलेल्या प्रत्येकाला बढती मिळाली. मलाही.

पुढच्याच वर्षी माझे वडील नागपूरला रुग्णालयात होते. ताई आठ दिवस पांढुर्ण्याजवळच्या तिगावहून रेल्वेने डबा घेऊन आल्या. त्यांनी तो विषय काढला नाही आणि मला माफी मागण्याचे धाडस झाले नाही. सरांपेक्षा मला स्वतःचाच संताप जास्त येतो तो यामुळे.

हे लिहू का, असे विचारायला गेल्या आठवड्यात फोन केला. ताई म्हणाल्या, "लिहा न भाऊ. पण मले देवी करू नका. तवा मी लय रडली होती, अन् अजूनही मले राग येते."

ताई, तो राग शाबूत राहो. दुरुस्तीच्या त्या निबंधावर तुमचे नाव लागावे, म्हणून तो छापणाऱ्या नियतकालिकाला मी काल माझ्या सहीने सगळी हकिगत कळवली आहे. त्यांचे उत्तर वाचायला तुम्ही ठणठणीत असा, आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे.