पुढे वाट लागते
आमचे भावोजी म्हणजे ताईचा नवरा, आणि ताईला विचाराल तर जन्माचा वैताग. चाळीस वर्षं पोस्टमन म्हणून सायकल हाणली, निवृत्त झाले आणि घरात नुसती कटकट सुरू केली. सायकलच्या वाटांचा नकाशा करणाऱ्या सरकारी कचेरीत त्यांना काम मिळालं तेव्हा ताई म्हणाली, "सुटले बाई एकदाची!" भावोजी मात्र हरखून गेले. टेबलावर त्यांच्या नावाची पाटी होती आणि ती ते रोज रुमालाने पुसायचे.

काम काय, तर हौशी सायकलवाल्यांनी मोबाइलवर नोंदवून पाठवलेल्या वाटा तपासायच्या आणि खोट्या काढून टाकायच्या. कसल्या वाटा हो! एकाची सरळ तळ्यातून गेलेली. एक पठ्ठ्या बसमध्ये बसल्यावर नोंद बंद करायला विसरला, त्याची सायकल चढावर ताशी सत्तरने पळाली. एका बाईंनी स्वतःच्या गच्चीवर बावीस फेऱ्या मारून 'निसर्गरम्य मार्ग' म्हणून पाठवल्या. भावोजी धुसफुसत एकेक पुसायचे आणि साहेब कपाळाला हात लावायचे. साहेबांना नकाशाच्या उद्घाटनात दोनशे किलोमीटर वाटा दाखवायच्या होत्या, आणि हा म्हातारा रोज चार-पाच किलोमीटर गिळत होता!

घोळ झाला खाणीपाशी. एका सायकलस्वाराने शेऱ्यात लिहिलं होतं, 'खाणीच्या पुढे वाट लागते.' साहेब वाचून खूश. त्यांनी लगेच खाणीपुढे तीन किलोमीटरची हिरवी रेघ ओढली.

"अहो साहेब, तशी वाट नाही लागत! आपली वाट लागते! तिथे कडा कोसळलाय, माणूस सरळ खाली जाईल."

"व्याकरणाने दोन्ही अर्थ बरोबर आहेत," साहेब म्हणाले. "वाट तपासली म्हणून सही करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

भावोजी पाटी पिशवीत घालून घरी आले. एरवी तोंडसुख घेणारी ताई त्या दिवशी चहा टाकायला उठली. भडकलो तो मीच. "करून टाकायची सही! तुमचं काय जात होतं?"

"माझं काही नाही," ते म्हणाले. "जाणाऱ्याचं गेलं असतं." आणि तोंड फिरवून बसले. मला माझीच लाज वाटली.

नकाशा छापला गेला, हिरव्या रेघेसकट. पहिल्याच रविवारी भावोजी जुनी सायकल काढून खाणीकडे निघाले. हे ध्यान आता तिथे काय करणार म्हणून मी मागोमाग गेलो. बघतो तर वाटेत सायकल आडवी लावून उभे! समोर एक माणूस, मागच्या सीटवर त्याचं लहान पोर, हँडलला नवाकोरा नकाशा.

"काका, सरकारी नकाशा आहे. तुम्ही कोण अडवणारे?"

"मी कोणी नाही हो. पण आधी पायी जाऊन बघा. पोराला मी धरतो."

माणूस कुरकुरत उतरला. वीसेक पावलं गेला, खाली डोकावला आणि तसाच मागे सरकला. धावतच परत आला. त्याने भावोजींच्या हातातून पोर घेतलं, छातीशी घट्ट धरलं आणि तिथेच मातीत बसला.