सुमनकाकूंनी सांगितलेला सिनेमा

सुमनकाकूंच्या सिनेमात बाई कधी मरत नसे. टॉकीजच्या पडद्यावर ती विहिरीत उडी घेवो, विष पिवो, नाहीतर खोकून खोकून प्राण सोडो. जालन्याहून जाफराबादला येईपर्यंत काकू तिला खडखडीत बरी करून आणायच्या. नुसती बरी नव्हे, तिला तिच्या हक्काचं शेतही मिळवून द्यायच्या आणि दुष्ट दिराला सगळ्या गावासमोर तिच्या पाया पडायला लावायच्या. मूळ सिनेमा काढणाऱ्याला हे कळलं असतं, तर बिचारा काय म्हणाला असता कोण जाणे!

काकूंचे यजमान एस.टी.त कंडक्टर. बहीण जालन्याला, आणि तिचं घर एका टॉकीजच्या अगदी पाठीमागे. महिन्या-दोन महिन्यांनी काकू बहिणीकडे जायच्या आणि दुपारचा खेळ पाहून यायच्या. यात लपवाछपवी नव्हती. काका स्वतः त्यांना खिडकीची जागा धरून द्यायचे. आम्हा बाकीच्या बायकांना सिनेमा म्हणजे जत्रेत येणारा तंबू, आणि तिथे पुरुषांची अशी रेटारेटी की जायचं नाव कोणी काढत नसे. त्यामुळे ऐंशीच्या दशकात आमच्या गल्लीतल्या बायकांनी जे सिनेमे पाहिले, ते काकूंच्या तोंडूनच पाहिले.

मी लग्न होऊन राजूरहून जाफराबादला आले, तो पहिलाच उन्हाळा. आमच्याकडे उन्हाळ्यात शेवया, पापड, कुरडया आळीपाळीने करायची पद्धत. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या. ज्या घरी काम असेल तिने आदल्या दिवशी काकूंना निरोप द्यायचा. काकू आल्या की सिनेमा आलाच, आणि सिनेमा आला की बायका न बोलावता येत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या कुरडयांचा साचा दाबत होत्या आणि सांगत होत्या, "सुरवातीला एक मोटार येती. काळी. तिच्यातून तो दुष्ट मानूस उतरतो."

"दुष्ट कशावरून, काकू?" कोणीतरी विचारलं.

"आता मोटारीतून उतरून बी कोणाला रामराम घालत न्हाई, म्हंजे दुष्टच की! बरं, हितं एक गाणं हाय, ते सोडा. पाणी आणा जल्दी कोणी, चीक घट्ट होऊन राह्यला."

नटांची नावं त्यांच्या ध्यानात राहत नसत. तो उंच, ती घाऱ्या डोळ्यांची, तो गालावर तीळवाला, एवढ्यावर भागायचं. मात्र कुठल्या प्रसंगाला नायिकेच्या अंगावर कोणतं लुगडं होतं, स्वयंपाकघरात फळीवर काय काय मांडलं होतं, हे त्या असं सांगत की आपण आत्ताच त्या घरातून चहा पिऊन आलो असं वाटावं.

भानगड अशी, की तोच सिनेमा दुसऱ्या अंगणात गेला की त्याची कथा बदलायची. एकदा हापशावर दोघीजणींचं चांगलंच जुंपलं. एकीच्या म्हणण्याप्रमाणे त्या सिनेमात भावाने बहिणीचं शेत हडपलं होतं. दुसरी शपथेवर सांगत होती की शेताचा विषयच नव्हता, नवरा दारू पिऊन मारायचा आणि बायको एक दिवस माहेरी निघून गेली. दोघी घागरी तशाच ठेवून काकूंच्या दारात आल्या. काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दोन्ही बराबर हाय. मोठा पिच्चर होता."

तहसीलमधल्या एका भाऊसाहेबांनी तर काकूंच्या भरवशावर बायकोला खास जालन्याला नेलं. काकूंनी सांगितलेली, शेवटी नातवंडं खेळवणारी नायिका मध्यंतराच्या आतच गेली. भाऊसाहेबांची बायको परतीच्या गाडीत जाफराबाद येईपर्यंत डोळे पुसत होती. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब तणतणत आले. काकू शांतपणे म्हणाल्या, "मी बसल्ते तवा तर जगल्ती." भाऊसाहेब पाय आपटत वळले. ते निघाल्यावर काकू आम्हाला म्हणाल्या, "रडायला काय, घरी बी जमतं. त्याच्यासाठी तिकीट काहून काढायचं?"

आधी मी समजत होते की काकूंना नीट आठवत नाही. हळूहळू उमगलं की त्या सिनेमा सुरू करण्याआधी अंगणावरून एक नजर फिरवतात आणि कोण कोण बसलंय ते पाहून घेतात. दारुड्या नवऱ्याचा सिनेमा ज्या अंगणात झाला, तिथे कोपऱ्यात खाली मान घालून पापड लाटणारी गंगा बसलेली होती. त्या सिनेमात माहेरी आलेल्या नायिकेला भावजयीने दारातच पायावर पाणी घालून आत घेतलं होतं. गंगाने लाटणं थांबवून विचारलं होतं, "भावजय काहीच बोलली न्हाई?" काकू म्हणाल्या होत्या, "बोलली ना. म्हणली, जेवून घ्या आधी." पुढल्याच महिन्यात गंगा पोरांना घेऊन भावाकडे गेली, आणि नवरा दारू सोडल्याचं सांगत आला तेव्हाच परतली.

मग पुढल्या उन्हाळ्यात माझी पाळी आली. मी बारावी झालेली. जालन्याला डी.एड.ला जायचं, शिक्षिका व्हायचं, हे लग्नाआधीपासूनचं माझं एकच वेड. यजमान समजूतदार, पण त्यांचं उत्तर ठरलेलं, "आईला विचार." त्यांच्या आईला सगळी गल्ली आत्याबाई म्हणायची. उंच, ताठ, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. ऐन तारुण्यात वैधव्य आलं, तरी शेत आणि घर एकटीने ओढलेली बाई. स्वभावाने वाईट मुळीच नव्हत्या, पण सुनेने दोन वर्षं परगावी राहायचं म्हणजे त्यांच्या दृष्टीने घराला भगदाडच. "शिकून काय करती? हितं काय कमी हाय तुला?" एवढ्यावर विषय मिटला. अर्ज जूनमध्ये भरायचा होता आणि त्या वर्षी राहिला असता तर पुढे मूलबाळ, मग कायमचाच राहिला असता. मी हापशावर काकूंपाशी रडले. काकूंनी ऐकून घेतलं, माझ्या डोक्यावर घागर चढवून दिली आणि म्हणाल्या, "उद्या जालन्याला चालले मी."

परतल्या त्या दिवशी आमच्या अंगणात शेवया होत्या. यंत्र खाटेला आवळलेलं, दांडा आत्याबाईंच्या हातात. काकूंनी नाव सांगून एक सिनेमा काढला, जालन्याला परत लागलेला जुनाच. एका घरात सून शिकायला जायचं म्हणते. भावकी जमते, नको नको ते बोलते. तेव्हा सासू उंबऱ्यात उभी राहते आणि म्हणते, "हिला मी धाडून राह्यले. कोणाला काय बोलायचं ते माझ्यासंगं बोला." आणि सुनेची पेटी स्वतःच्या डोक्यावर घेऊन स्टँडपर्यंत चालत जाते.

"सगळं टॉकीज उभं राहून टाळ्या वाजवून राह्यलं, आत्याबाई," काकू म्हणाल्या. "सुनेला न्हाई. सासूला."

यंत्राचा दांडा थांबला होता. आत्याबाईंनी विचारलं, "दिसायला कशी होती ती?"

"उंच. कमरेला किल्ल्या."

तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "कवा भरायचा म्हणली तू तो अर्ज?" जुलैमध्ये मी निघाले तेव्हा माझी पेटी आत्याबाईंच्या डोक्यावर होती. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरून बायका पाहत होत्या आणि आत्याबाई मान इकडची तिकडे न करता चालत होत्या.

वसतिगृहात एका मैत्रिणीला मी तो सिनेमा कौतुकाने सांगायला घेतला, तर ती पोट धरून हसली. तिने तो पाहिला होता. खऱ्या सिनेमात सून शहरात जाऊन बिघडते, घर विसरते. सासू तिची वाट पाहून पाहून मरते. आणि शेवटी सून उंबऱ्यावर कपाळ आपटून घेते की बाईने घराबाहेर पाऊल टाकू नये. मीही हसले, पण तो सिनेमा आत्याबाईंनी कधी पाहू नये, एवढंच मनात आलं.

त्या दिवाळीला मी सुट्टीत घरी आले, आणि नेमका तोच सिनेमा रविवारी संध्याकाळी टीव्हीवर लागणार असल्याचं कळलं. गल्लीतला पहिला टीव्ही आलेला सुमनकाकूंकडेच. आत्याबाई सकाळपासून सगळ्यांना सांगत होत्या, "आपला पिच्चर हाय आज." मी धावत काकूंकडे गेले आणि म्हटलं, टीव्ही बिघडलाय म्हणून सांगा.

काकूंनी मान हलवली. "एक डाव गंडवलं मी त्यांना. तुझ्यासाठी गंडवलं. आता दुसऱ्यांदा न्हाई गंडवायची. बघू दे त्यांचं त्यांना."

संध्याकाळी काकूंची खोली बायकांनी भरली. आत्याबाई अगदी पुढे, ठेवणीतलं लुगडं नेसून. सिनेमा सुरू झाला आणि अर्ध्या तासात खोलीतली कुजबुज बंद पडली. मध्ये बातम्या लागल्या, तेव्हाही कोणी उठलं नाही. पडद्यावरची सासू खाटेवर पडून "सूनबाई, सूनबाई" करत गेली. मी आत्याबाईंच्या पाठीकडे पाहत होते आणि मनातल्या मनात माझी पेटी रिकामी करत होते. संपल्यावर काकूंनी उठून टीव्ही बंद केला.

"सुमन," आत्याबाई म्हणाल्या, "पेटी घेणारी सासू कुठं हाय ह्यात?"

"न्हाई ह्यात."

"अन् टाळ्या?"

"त्या बी न्हाईत."

"म्हंजे बिलकुल खोटं सांगितलं तू मला."

"हौ, आत्याबाई. खरा पिच्चर सांगितला असता तर हिला धाडलं असतं तुम्ही?"

"न्हाई." आत्याबाईंनी क्षणाचाही विचार केला नाही.

"म्हणून. आता पुढं धाडायचं का न्हाई ते तुम्ही ठरवा. माझ्याकडं दुसरा पिच्चर न्हाई."

मग आत्याबाईंनी विचारलं, आणि त्यांचा आवाज मी तोवर कधी ऐकला नव्हता इतका बारीक झाला होता, "मंग ती सासू कुठून आणली तू?"

"तुमच्यावरूनच. मी नवी नवरी होते. तुमचे मालक गेल्ते, अन् भावकी शेत मागायला आल्ती. तुम्ही दारात उभ्या राहिल्या अन् म्हणल्या, कोणाला काय बोलायचं ते माझ्यासंगं बोला. मी ह्या ओट्यावरून बघितलं सगळं. तवाच मनात आलं, हिच्यावर एक पिच्चर पाहिजे."

आत्याबाईंनी पदर तोंडाशी नेला. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांनी डोळे पुसले, बंद टीव्हीकडे रागाने पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्या पिच्चरवाल्याला काही कळत न्हाई. सासू काय असती ते विचारायचं होतं कोणाला तरी आधी." आणि माझ्याकडे वळून, "कवा उघडती तुझी शाळा? चिवडा बांधून द्यावा लागंल."

मी शिक्षिका झाले, जिल्ह्यातल्या चार गावांत शिकवलं. माझ्या पगारावर, माझ्या नावावर, माझ्या मुलींच्या शिक्षणावर सुमनकाकूंचं ऋण आहे आणि ते मानण्यात मला आनंदच वाटतो. पुढे काकांची बदली झाली, काकू परगावी गेल्या. घरोघरी केबल आली, सिनेमा सांगायची गरज कोणाला राहिली नाही. आमच्या भेटी लग्नकार्यापुरत्या उरल्या. दोन हजार सालानंतर एका हिवाळ्यात त्या गेल्याचं कळलं. मी पोचले ती दहाव्याला.

त्यांची सून मला ओळखत नव्हती. लहान चणीची, हसतमुख मुलगी, दवाखान्यात नर्स. रडून डोळे सुजलेले. बोलता बोलता म्हणाली, "आई मला खूप पिच्चर सांगायच्या. एक तर कितीदा ऐकला मी. त्यातली सासू उंच असते, कमरेला किल्ल्या. सुनेला शिकायला धाडते. नाव विचारलं तर म्हणायच्या, हा टॉकीजला लागलाच न्हाई."

मी तिला तो सांगायला लावला. भावकी, उंबरा, डोक्यावरची पेटी, ओट्यावरच्या बायका, सुनेचं मास्तरीण होणं, सगळं जसं घडलं तसं त्यात होतं. आयुष्यभर ज्यांनी एकही सिनेमा धड सांगितला नाही, त्या काकूंनी यात काडीचाही फेरफार केला नव्हता. मात्र त्यात सासू आपल्याच मनाने सुनेला पाठवत होती. सिनेमा सांगणारी शेजारीण त्यात कुठेच नव्हती.

"असा नाहीये तो," मी म्हटलं. मग त्या मुलीला जवळ बसवलं आणि तिच्या सासूला आत घेऊन, पहिल्यापासून सगळा सिनेमा तिला परत सांगितला.