आक्का माफ करायला निघाली

माझी थोरली जाऊ माफ करायला निघाली की गल्लीतल्या बायका दार लोटून घ्यायच्या. इतर गावांत लोक भांडायला आलेल्या माणसाला भितात. आमच्याकडे माफ करायला आलेल्या बाईला भ्यायचे. तिला सगळे आक्का म्हणायचे. घरात ती एकटी ख्रिस्ती झाली होती. आम्ही बाकीचे होतो तिथंच राहिलो. मी अजून तिथंच आहे. मी चौथी शिकलेली बाई, धर्मातलं मला फारसं कळत नाही. आक्का मात्र कळायची, कारण एका चुलीवर आम्ही दोघींनी भाकरी भाजल्या आहेत.

तिच्या त्या माफीला कारण होते पाळकसाहेब. मिशनच्या दवाखान्यामागं पत्र्याचं चर्च होतं. तिथं अधूनमधून प्रभुभोजन असायचं, म्हणजे पावाचा एक तुकडा आणि भिजवलेल्या मनुकांचं पाणी. त्याच्या आधीच्या रविवारी पाळकसाहेब सांगायचे, "ज्याच्या मनात कुणाविषयी काही असेल त्यानं आधी जाऊन मिटवून यावं, मगच ताटापुढं हात करावा." बाकीचे लोक मान हलवायचे आणि पुढच्या रविवारी हात पुढं करायचे. आक्कानं ते तहसीलदाराच्या हुकमासारखं धरलं. सोमवारी सकाळी धुणं वाळत घातलं की ती निघायची.

कोंडाबाईचं मला चांगलं आठवतं. ती बिचारी दारात गहू पाखडत होती.

"कोंडे, म्या तुला माफ केलं," आक्का म्हणाली.

"मला? कशापायी?"

"माझ्या न्हाणीतला दगड उचलून नेलास, त्यापायी."

"तुझा दगड? माझ्या सासऱ्यानं नदीतून आणलेला दगड हाय तो!"

"खोटं बोललीस, ते बी माफ केलं."

झालं. त्याआधी दोघींचं बरं चाललं होतं. त्या दिवसापासून कोंडाबाईनं अबोला धरला. पुढच्या प्रभुभोजनाच्या आधी आक्का तो अबोला माफ करायला गेली, तेव्हा कोंडाबाई सूप घेऊन अंगावर आली.

मलाही तिनं सोडलं नाही. एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "तारे, तुझ्या लग्नात तुझ्या आईनं मला हलकं लुगडं नेसवलं. म्या माफ केलं."

"आक्का, आई जाऊन चार वर्षं झाली."

"म्हणून तर तुला सांगायलेय. तू तिकडं गेलीस म्हंजे कानावर घाल."

माझ्या सासूबाई तेव्हा होत्या. त्या म्हणायच्या, "हिला शांती घावली आन् आमची गेली." आक्का त्यावर मोठ्यानं "आमेन" म्हणायची. टोमणा तिला कळत नसे असं नाही. पण आमेन म्हटलं की पुढचा माणूस गप्प होतो हे तिनं हेरलं होतं.

ती ख्रिस्ती झाली ती बहात्तरच्या दुष्काळात. आमच्या गावात त्यावरून बोललं गेलं, की मिशनच्या दूधपावडरीला भुलली. बोलणारेही सगळे तीच पावडर पीत होते. खरं वेगळं होतं. माझे थोरले दीर त्या साली कामाला म्हणून निजामाबादेकडं गेले, गवंड्याच्या हाताखाली. गेले ते गेलेच. तिकडं दुसरं घर केल्याचं कंधारच्या बाजारात कुणीतरी सांगितलं. इकडं आक्का दुष्काळी कामावर खडी फोडायची. तिची पाच वर्षांची सुंद्री गोवरानं आजारी पडली. आक्का तिला खांद्यावर टाकून मिशनच्या दवाखान्यात घेऊन गेली, पण उशीर झाला होता. पोर तिथंच गेली.

जो तो आक्काला काहीतरी सांगायला लागला. कुणी म्हणे मागच्या जन्माचं, कुणी म्हणे देवीचं काही राहिलं असेल. सासूबाई म्हणाल्या, पायगुण. दवाखान्यातली एक नर्सबाई मात्र गाडी येईपर्यंत आक्काजवळ पायरीवर बसून राहिली. एक शब्द बोलली नाही. महिनाभरानं आक्का परत तिकडं गेली आणि तिला विचारलं, "बाई, तुझा देव कोणचा?" हे मला आक्कानंच सांगितलं. एका मुक्या बाईनं गावातली सगळ्यात बोलकी ख्रिस्ती बाई तयार केली, याचं मला अजून हसू येतं.

पण एक ठिकाण होतं जिथं आक्का बोलायची नाही. गावात कुणाच्याही घरी मयत झाली की ती जायची. बोलावणं नसायचं. जात बघायची नाही, मागचं भांडणही बघायची नाही. अंगण झाडायची, पाणी भरायची, मागच्या दारानं पिठलं-भाकरी आणून ठेवायची, आणि मग ज्या बाईचं माणूस गेलं तिच्या शेजारी बसून राहायची. येशूचं नावसुद्धा काढायची नाही. कोंडाबाईचा नवरा गेला तेव्हा तीन दिवस ती तिथंच होती. कोंडाबाईनं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. दगडाचं नाव कुणी काढलं नाही. चौथ्या दिवशी आक्का घरी आली आणि मला म्हणाली, "तारे, या कामासाठीच मला ठिवलंय बग." तिचा चेहरा शेत पेरून आलेल्या माणसासारखा दिसत होता. मग लगेच तिनं विचारलं की चुलीवरचं दूध कुणी उतू घालवलं.

रविवारी आठवडी बाजार चर्चच्याच बाजूला भरायचा, म्हणून मी तिच्यासोबत जायची आणि टोपली घेऊन मागं बसायची. बसायला सावली होती, पाणी होतं. तिथं मला एक गोष्ट दिसली. प्रभुभोजनाचं ताट आक्कापुढं यायचं, ती दोन्ही हातांनी धरायची आणि शेजारणीकडं सरकवायची. स्वतः घ्यायची नाही. दर वेळी. गाणी सगळ्यात मोठ्यानं तीच म्हणायची, झाडलोट तीच करायची, अख्ख्या गावाला माफ करून बसलेली, आणि तो तुकडा मात्र तिच्या तोंडात कधी गेला नाही.

पाळकसाहेबांनी एकदा बाहेर तिला थांबवलं. "आक्का, आता राहिलं कोण?"

"हाय एकजण," ती म्हणाली आणि चपला घालून निघाली.

मी वाटेत म्हटलं, "सगळ्या गावाला माफ केलंस. एकाचं एवढं काय जड?"

"गावाला माफ करायला काय लागतंय?" ती म्हणाली. "गावानं माझं केलंच काय व्हतं?"

मग लातूर वेगळा जिल्हा झाला. तोवर आमची कचेरी उस्मानाबादेला, एका शिक्क्यासाठी शिदोरी बांधून जावं लागायचं. जिल्हा झाल्यावर जिकडं तिकडं इमारती निघाल्या. कुणाला कचेरी मिळाली, कुणाला नोकरी मिळाली, कुणाच्या जमिनीतून रस्ता गेला. आक्काला नवरा मिळाला. दीर तिकडचं सगळं संपवून लातूरला बांधकामावर आले होते. परांचीवरून पडले, कंबर मोडली. तिकडच्या बाईनं घ्यायला नकार दिला. मुकादमानं त्यांना एस्टीत घालून आमच्या फाट्यावर उतरवलं.

बैलगाडीतून त्यांना दारात आणलं तेव्हा अर्धं गाव जमलं. सगळ्यांना वाटलं, आता माफी ऐकायला मिळणार, तीही मोठी. आक्का आतून आली. तिनं बघितलं. पाणी दिलं, ओसरीत बाज टाकली आणि आत गेली. लोक बराच वेळ थांबले, मग खेळ रद्द झाल्यासारखे घरी गेले.

तिनं त्यांचं सगळं केलं. उचलणं, धुणं, भरवणं. पण बोलली नाही. दीर मला म्हणायचे, "तारा, तिला म्हणावं उशी खाली झाली." आक्का तिथंच उभी असायची. ती मला म्हणायची, "त्यांला सांग, हाय ती उशी हीच." मधे उभं राहून मी दोघांचे निरोप पोचवायची, तीन हातांच्या अंतरावर.

पाळकसाहेब भेटायला आले. म्हणाले, "आक्का, एवढी सेवा करता, हीच माफी झाली. आता ताटातलं घ्या."

"न्हाई साहेब," ती म्हणाली. "हाताला काम सांगितलंय, हात करतेत. आत अजून गाठ हाय. गाठ असताना घेतलं तर ते खोटं व्हईल." गावाला खोटं बोलल्याबद्दल माफ करणारी बाई स्वतःला एवढीही सूट देत नव्हती.

एके दिवशी दुपारी ती ओसरीत पीठ मळत होती. दीर माझ्याकडं बघून म्हणाले, "सुंद्रीला कुठं ठिवलं?"

हा निरोप माझ्याकडून जाण्यासारखा नव्हता. आक्कानं हात धुतले आणि माझ्या मालकांना हाक मारली, "भावजी, गाडी जुपा."

सुंद्रीला ओढ्याच्या काठी पुरलं होतं. पुढं दुष्काळी कामातून तिथंच पाझर तलाव काढला. त्या बांधाचे दगड आक्कानंच डोक्यावर वाहिले. पाऊस झाला तसं ती जागा पाण्याखाली गेली. याविषयी ती कधी बोलली नव्हती. आम्ही दिरांना उतरवून बांधावर बसवलं. आक्कानं बोट दाखवलं.

"तिथं. त्या वाळल्या बाभळीच्या अलीकडं."

"पाण्यात?"

"व्हय, पाण्यात."

दीर म्हणाले, "म्या असतो तर..."

बाप्तिस्म्याला सोडलेल्या सगळ्या शिव्या आक्काच्या तोंडात परत आल्या. "असता तर काय? तुमी कुठं व्हता? दुसरीचं पोरगं खांद्यावर घिऊन हिंडत व्हता! माझी पोर बाबा बाबा करीत गेली. म्या कुणाला दाखवू बाप? आन् आता इचारताव? आता?" पलीकडं धुणं धुणाऱ्या बायकांचे हात थांबले. मेंढ्यावाला मेंढ्या विसरला. इतक्या वर्षांचं सगळं तिनं त्या बांधावर ओतलं. मी तिला थांबवलं नाही, आणि माझ्या मालकांनाही थांबवू दिलं नाही.

दीर एवढंच म्हणाले, "आता तरी इचारू दे गं." आणि रडायला लागले.

ती दमून दगडावर बसली. बऱ्याच वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं. आधी स्वतःचं, मग त्यांचं.

पुढच्या प्रभुभोजनाला ताट तिच्यापुढं आलं तेव्हा पाळकसाहेबांचं गाणं मधेच अडखळलं. आक्कानं तुकडा उचलला, तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

वाटेत मी विचारलं, "झालं मग माफ?"

"काय म्हाईत. भांडण तर झालं. भांडल्याबिगर माफ कशाचं करतेत?"

"मग गावाला इतकी वर्षं काय करत होतीस?"

"ती तालीम व्हती," ती म्हणाली. थोडं चालून परत म्हणाली, "तारे, लई कोरडा असतो गं तो पाव."

घरी आलो. मी बाजाराची टोपली उतरवत होते. आक्का ओसरीत गेली आणि बाजेजवळ उभी राहिली.

"चहा ठिवू का?" तिनं थेट त्यांनाच विचारलं.

"ठेव. साखर कमी टाक."

"कमीच हाय घरात."

त्यानंतर दीर दीड वर्ष जगले. आक्का पुष्कळ जगली. ते दीड वर्ष दोघं बोलत होते ते मी भिंतीपलीकडून ऐकलं आहे. मीठ कमी झालं, खोकला वाढला, म्हैस आटली, वारा सुटला, दार लावा. त्याला आक्का प्रभूची शांती म्हणायची. तीच जर शांती असेल, तर ती माझ्या नि मालकांच्यात पहिल्यापासून होती. मला कुणी सांगितलं नाही.